तीन हात अस्तर

आमची भिंत तुम्ही मारलीत. हत्यार तेवढं माझ्या बापाच्या हातात दिलंत, म्हणजे तुमच्या बाह्या स्वच्छ राहिल्या. तुमच्या खात्याच्या दारावर 'वारसा' असं लिहिलेलं आहे. आरोप मुद्दाम वरच लिहिलाय, कारण तुम्ही साहेब लोक पहिला परिच्छेद वाचून कागद बाजूला ठेवता हे मला आता माहीत झालंय. बाकीचं ज्याला वाचायचं असेल त्याच्यासाठी सांगते.

आमची गल्ली पाट्या रंगवणाऱ्यांची. एका अंगाला अकरा दुकानं, दुसऱ्या अंगाला बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्याची मागची भिंत. साठ पावलं लांब, दोन माणसं उंच. दुकानं इतकी अरुंद की मोठी पाटी आली की ती बाहेर दोन लाकडी घोड्यांवर आडवी टाकावी लागते, आणि मग येणारा-जाणारा सायकलवाला आमच्या सात पिढ्यांची चौकशी करत जातो.

आमच्यात एक रीत होती. नवी पाटी सुरू करायची म्हणजे ब्रश रंगात बुडवायचा, उठायचं, रस्ता ओलांडायचा आणि पाटीवरचं पहिलं अक्षर आधी भिंतीवर काढायचं. हात मोकळा होतो. रंग दाट झालाय का पातळ, ब्रशाचे केस फाकताहेत का, सगळं त्या एका अक्षरात कळतं. मग परत येऊन पाटीला हात लावायचा. कोणी सुरू केलं कोणास ठाऊक. बाबा म्हणतात त्यांच्या उस्तादांच्या उस्तादांनी, पण बाबा जगातली प्रत्येक चांगली गोष्ट त्यांच्याच नावावर टाकतात. नियम एकच. दुसऱ्याचं अक्षर पुसायचं नाही. जागा नसेल तर त्याच्या पोटात लिहा, खांद्यावर लिहा, पण पुसायचं नाही.

ऐंशी-पंच्याऐंशी वर्षं हे चाललं. म्हणजे या शहरात जेवढी दुकानं, दवाखाने, शाळा, छापखाने, लॉज उघडले, त्यातल्या बहुतेकांचं पहिलं अक्षर आमच्या भिंतीवर होतं. एकावर एक, एकात एक. परक्या माणसाला तो नुसता रंगाचा राडा दिसायचा. बाबांना वाचता यायचं. मी लहान असताना ते मला भिंतीसमोर उभं करून बोट दाखवायचे. "हे तुझ्या आईच्या शाळेचं. हे त्या दवाखान्याचं, जिथं तू झालीस. हा हिरवा म्हणजे थेटर, जळून गेलं ते. आणि हे वाकडं शिडीकाकाचं, ते कशाचं आहे ते त्यालाही माहीत नाही."

शिडीकाका आमचे शेजारी. दिव्याचं बटण दाबायलासुद्धा त्यांना शिडी लागते, म्हणून हे नाव. ते लगेच दारातून ओरडायचे, "वाकडं असू दे, सगळ्यात वर कोणाची अक्षरं आहेत ते बघ! उंच माणसं आळशी. हात पुरतो तेवढंच लिहितात."

तर अशी भिंत. आम्ही तिला काय म्हणायचो? फडकं. भिंत म्हणजे ब्रश पुसायचं मोठं फडकं. हे नीट ध्यानात ठेवा, कारण पुढचं सगळं याच्यावर उभं आहे.

गेल्या वर्षी रस्ता रुंद होणार अशी बातमी आली. आमची अकरा दुकानं त्या रस्त्यात जात होती. आम्ही वॉर्डाच्या कचेरीत गेलो, तिथं एकानं सांगितलं की वारसा खात्याच्या यादीत नाव आलं तर गल्लीला कोणी हात लावणार नाही. आम्ही अर्ज केला. अर्ज मी लिहिला. आणि पाच महिन्यांनी तुमच्याकडून एक मुलगी आली, गळ्यात कॅमेरा, हातात मोजणीची फीत. आम्ही तिला मोजणीबाई म्हणायला लागलो.

मोजणीबाई दुकानं बघायला आली होती, पण पहिल्या दहा मिनिटांतच भिंतीकडे वळली आणि दोन दिवस तिथंच राहिली. अक्षरं मोजत होती. चार हजार तीनशेच्या पुढे गेल्यावर वही मिटून खाली बसली.

"आजोबा, तुम्हाला कळतंय का तुमच्याकडे काय आहे?"

बाबा म्हणाले, "कळतंय ना. ब्रश पुसायचं फडकं."

"हसू नका हो. अशी भिंत मी कुठेच पाहिली नाही."

"आमच्या गल्लीत ये, रोज दाखवतो," शिडीकाका म्हणाले, "पण चहा तू पाजायचा."

ती हसली, फोटो काढले, अहवाल लिहिते म्हणाली आणि गेली. चांगली मुलगी होती. तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण तीही आम्हाला एक साधं वाक्य सांगायचं विसरली, 'याला हात लावू नका.' तिला वाटलं असणार, हे काय सांगायला पाहिजे? शिकलेल्या माणसाला असंच वाटतं. आणि आम्हाला वाटलं, पोरगी हौशी आहे, तिला रंग आवडले.

मग शुक्रवारी दुपारी तुमचं पत्र आलं. तारीख तेरा. मला तोंडपाठ आहे. 'वरिष्ठ अधिकाऱ्यांची समिती दिनांक सोळा रोजी सकाळी अकरा वाजता स्थळपाहणीसाठी येत आहे. परिसराचा इतिहास दर्शनी भागात ठळकपणे मांडून ठेवावा.' खाली सही, खाली शिक्का.

पत्राबरोबर वॉर्डाचा कारकून आला होता, तो तोंडी भर घालून गेला. "साहेब कडक आहेत. मागच्या आठवड्यात पलीकडच्या आळीत घाण बघून गाडीतून उतरलेच नाहीत. काचेतूनच बघितलं, काचेतूनच नापास. जरा बघण्यासारखं करा काहीतरी."

संध्याकाळी अकरा दुकानांतली माणसं आमच्या दारात जमली. इतिहास ठळकपणे मांडायचा म्हणजे काय करायचं? एक जण म्हणाला, जुन्या पाट्या बाहेर काढून लावू. शिडीकाका म्हणाले, मला खुर्चीवर बसवा, माझ्याएवढं जुनं इथं काहीच नाही. बाबा पत्र हातात धरून समोर भिंतीकडे बघत होते. मला ती नजर माहीत आहे. गिऱ्हाईक बोलत असतं आणि बाबा मनातल्या मनात पाटी आखत असतात, ती नजर.

"भिंत," बाबा म्हणाले. "साठ पावलं. दर्शनी भाग म्हणतात तो हाच. याच्यावर सगळा इतिहास लिहू. पहिल्या उस्तादापासून आजपर्यंत, एकूण एक रंगाऱ्याचं नाव, कोण कधी आला, कोणी काय रंगवलं. असा लिहू, की साहेब गाडीतून उतरतील आणि चालत वाचत जातील."

"तीन दिवसांत?" मी विचारलं.

"शनिवार-रविवार अस्तर. सोमवारी साहेब येईपर्यंत आखणी आणि मथळा. बाकी त्यांच्यासमोर लिहायला घेतो. बघू देत, हात कसा चालतो."

शिडीकाका म्हणाले, "वरच्या चार ओळी माझ्या." सगळे हसले. आणि खरं सांगते, त्या दारात बसलेल्या बावीस माणसांपैकी एकाच्याही तोंडून निघालं नाही की अरे, भिंतीवर आधीच काहीतरी आहे. आम्ही रंगारी. आम्हाला लिहायचं असेल तर आधी पृष्ठभाग कोरा लागतो. उघड्या भिंतीवर, खालचं दिसत असताना मजकूर टाकणं म्हणजे आमच्यात बेशरमपणा. गिऱ्हाइकाला तसं दाखवणारा माणूस दुसऱ्या दिवशी गल्लीत तोंड दाखवू शकत नाही. आणि 'पुसायचं नाही' हा नियम? तो सरावाच्या अक्षरांसाठी. काम आलं की काम मोठं. इतकं मोठं काम तर आमच्या भिंतीला कधी आलंच नव्हतं.

शनिवारी सकाळी भिंत धुतली. पॉलिश पेपर मारला. भेगांत पुट्टी भरली. दुपारी पहिला हात. अस्तर बाबांनी स्वतः कालवलं, कारण डब्यातल्या तयार मालावर त्यांचा विश्वास नाही. कडक ऊन होतं, हात चटचट सुकत होता. रविवारी सकाळी दुसरा, दुपारी तिसरा. दुसरा हात उजव्या टोकाकडून मी मारला. तिथं खाली, कमरेच्या उंचीवर, माझं पहिलं अक्षर होतं. वय वर्षं नऊ. बाबांनी मागून मनगट धरलेलं, तरी वाकडं आलेलं. पहिल्या हातानंतरही ते पुसट दिसत होतं. त्याच्यावरून रोलर फिरवताना मी म्हणाले, "गेलं बाई एकदाचं."

हे मी लिहून ठेवते. पुढं कोणी म्हणायला नको की मुलगी सगळं बापावर ढकलते.

सोमवारी अकराला तुम्ही आलात. चार माणसं, एक गाडी. आम्ही गल्ली झाडून, पाणी मारून, खुर्च्या मांडून उभे. भिंत दुधासारखी पांढरी. तिच्यावर दोऱ्यानं मारलेल्या सरळ रेषा आणि खडूनं आखलेला मथळा. बाबांनी नवा सदरा घातला होता. हातात ब्रश तयार.

साहेब गाडीतून उतरले. बाबांनी माझ्याकडे बघून मान हलवली, बघ, उतरले.

साहेबांनी हातातली फाईल उघडली. तिच्यात फोटो होते, लांबूनही मला आमचा हिरवा-तांबडा राडा ओळखू आला. त्यांनी फोटोकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं.

"ती भिंत कुठं आहे?"

"हीच साहेब," बाबा म्हणाले.

"ही?"

"हीच. तीन हात दिलेत. पंधरा वर्षं हलायची नाही. आता याच्यावर सगळा इतिहास येतो बघा. मथळा आखलाय, तुम्ही म्हणाल तर आत्ता..."

साहेबांबरोबरचा एक जण हसला. साहेब हसले नाहीत, पण म्हणाले, "आजोबा, तुम्ही तर इतिहासावरच रंग फासलात."

बाबांना वाटलं साहेब थट्टा करताहेत. मोठा माणूस थट्टा करतो म्हणजे खूश आहे. म्हणून तेही हसले. मग त्यांनी साहेबांच्या फाईलकडे बघितलं. त्या फोटोत काय आहे ते त्यांना दिसलं. मी माझा बाप पडलेला पाहिलाय, आजारी पाहिलाय, आईला पोचवून आलेला पाहिलाय. पण तोंडावरचं हसू परत कुठं ठेवायचं हे न कळलेला माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

तुम्ही खुर्चीवर टेकलातसुद्धा नाही. नऊ मिनिटांत गाडी गेली.

त्याच दुपारी बाबांनी पत्रा घेतला आणि खरवडायला सुरुवात केली. मी टर्पेंटाइन आणलं, शिडीकाकांनी शिडी आणली. तळहाताएवढी जागा खरवडायला तास लागला. अस्तर निघालं, पण एकटं निघालं नाही. खालची लाल, निळी, हिरवी, सगळी पुटं घेऊन निघालं आणि आत नुसता गिलावा उरला. दुसरीकडे बघितलं, तेच. टर्पेंटाइन लावलं तर सगळं एकत्र वितळून चिखल झाला. बाबा शिडीवर बसले.

"माल चांगला कालवला होता," ते म्हणाले. "खालच्याला धरून बसलाय. हलका माल वापरला असता तर निघाला असता."

शिडीकाका खाली पडलेले रंगाचे पापुद्रे ओंजळीत गोळा करायला लागले.

तीन आठवड्यांनी तुमचं दुसरं पत्र आलं. 'स्थळपाहणीत जतन करण्यायोग्य काहीही आढळले नाही. सबब सदर परिसर यादीतून वगळण्यात आला आहे.' पाठोपाठ रस्तेवाले आले आणि अकरा दुकानांवर लाल फुल्या मारून गेले. फुल्यासुद्धा ओघळलेल्या. शिडीकाका त्यांच्या मागे धावत म्हणाले, "अरे, फुली तरी सरळ मारा! इकडे आण तो ब्रश!" आणि मग दुकानाच्या पायरीवर बसून रडायला लागले.

मी तुमच्या कचेरीत गेले. एकदा, दोनदा, तीनदा. मोजणीबाईचा अहवाल बघायचा होता. ती कंत्राटावर होती, तिचं काम संपलं. फोन केला तर म्हणाली, "ताई, फोटो सगळे ऑफिसात जमा केले, माझ्याकडे एकही नाही, मला माफ करा." तिनं कशाबद्दल माफी मागावी? तुमच्या एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे मी हिंडले. अहवाल समितीकडे. समिती विसर्जित. फाईल वरच्या मजल्यावर. वरचा मजला म्हणाला खाली.

तिसऱ्या खेपेला एका कारकुनानं कंटाळून फाईल काढली आणि मी तिथं नसल्यासारखी टेबलावर स्वतःसमोर उघडली. मी टेबलाच्या अलीकडे. पण मला उलटं वाचता येतं. पाटी आडवी टाकली की अर्धा दिवस उलट्या बाजूनंच काम करावं लागतं. वरच्या कागदावर आमच्या गल्लीचं नाव होतं, 'वगळण्यात यावे' असं होतं, आणि तारीख होती बारा.

बारा. गुरुवार. तुमचं पहिलं पत्र आमच्याकडे तेराला आलं. अस्तर चौदा आणि पंधराला झालं. तुम्ही आलात सोळाला.

मी म्हणाले, "भाऊ, ही तारीख कसली?"

त्यानं त्या जागेवर हात ठेवला. तळहात सपाट, अगदी सहज. "ती मसुद्याची आहे."

"पाहणीच्या आधीच मसुदा?"

"अहो ताई, मसुदे आधी तयार ठेवावे लागतात. दोन्ही बाजूंचे. यादीत घ्यायचा आणि वगळायचा."

"मग घ्यायचा दाखवा."

"तो आता लागत नाही ना."

"होता तरी का?"

"ताई, जेवायची सुट्टी झाली."

हात त्यानं उचलला नाही. फाईल तशीच हातासकट मिटली.

मी लेखी अर्ज केले. पहिल्यावर उत्तर आलं, 'आपला अर्ज संबंधित विभागाकडे वर्ग करण्यात आला आहे.' दुसऱ्यावरही तेच, फक्त विभाग वेगळा. तिसऱ्यावर काहीच नाही.

घरी येऊन मी बाबांना सांगितलं, "बाबा, त्यांनी आधीच ठरवलं होतं. तुम्ही रंग लावला नसता तरी गल्ली गेलीच असती."

ते म्हणाले, "तू माझी मुलगी आहेस. तू हेच म्हणणार."

"मी डोळ्यांनी बघितली तारीख."

"तो म्हणाला ना मसुदा होता? मग?"

"मसुदा दुसऱ्या बाजूचा नव्हता, बाबा."

"तू बघितलास? नाहीस बघितला. फाईल मिटली." मग म्हणाले, "कागद आण. शिक्क्याचा. मग मानतो."

बाबा एकाहत्तर वर्षांचे आहेत. त्यांचा हात अजून काडीइतकाही थरथरत नाही. दोन पाट्यांची कामं आली होती, मी केली. ते ब्रश उचलतात, रंगात बुडवतात, सवयीनं उठतात, रस्ता ओलांडतात आणि त्या पांढऱ्या भिंतीसमोर उभे राहतात. मग ब्रश फडक्याला पुसून परत येतात. खऱ्या फडक्याला. गल्लीतली माणसं आता त्यांना काही बोलत नाहीत. बोलत नाहीत हेच वाईट. आधी कोणीतरी म्हणालं होतं, म्हाताऱ्यानं घातलं सगळं खड्ड्यात. नंतर तो माणूस माफी मागून गेला, पण बाबांनी वाक्य ठेवून घेतलं. माफी घेतली नाही.

मी त्यांच्यासाठी काय करू शकते? खोटा कागद बनवू शकते. तुमचा शिक्का मला हातानं काढता येतो, सहीसुद्धा, तुमची सही काही फार अवघड नाही. एका दुपारी मी तो बनवायला बसले होते. पण बाबांनी पन्नास वर्षं दुसऱ्यांची अक्षरं पारखलीत. माझ्या हाताचं वळण त्यांना दोन हातांवरून ओळखू येतं. त्यांनी तो कागद बघितला असता, काही न बोलता घडी करून खिशात ठेवला असता, आणि मग त्यांच्याकडे मीसुद्धा उरले नसते.

म्हणून हे लिहिलं. पुढच्या महिन्यात रस्तेवाल्यांची यंत्रं येताहेत. मी गल्ली मागत नाही. ती गेली. भिंत मागत नाही, ती तुम्ही द्यायची म्हटलं तरी देता येणार नाही. फोटोही नकोत, ठेवा तुमच्या वरच्या मजल्यावर. मला एक तारीख पाहिजे. आमची गल्ली तुम्ही कोणत्या दिवशी यादीतून काढलीत? गुरुवारी, आमची अक्षरं भिंतीवर असताना? का सोमवारी, ती गेल्यावर? सोमवारी असेल तर तसं लिहा. माझ्या बापानं चूक केली, मीही केली, रोलर माझ्या हातात होता, आम्ही दोघं मिळून सोसू. आणि गुरुवारी असेल तर मग तुम्ही त्या सोमवारी आमच्या दारात कशाला उतरलात, आणि ते वाक्य एका म्हाताऱ्या माणसाच्या तोंडावर कशाला टाकलंत?

हात उचला त्या तारखेवरून. बारा की सोळा? शिक्का मारून लिहून द्या. यंत्रं यायच्या आत.